कॅमेऱ्याच्या टप्प्यातले वसंतराव

शिडीवर चढलेला माणूस घरातल्या लोकांना दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणजे तो असतो, ड्रिलचा आवाज करतो, खाली सिमेंटची भुकटी पाडतो, दोनदा कॉफी मागून घेतो. पण त्याला कान आहेत हे कुणाच्या लक्षात राहत नाही! मग त्याच्या पायाखाली नवरा-बायको खुशाल भांडतात, सासू सुनेच्या माहेराबद्दल बोलते, आणि संध्याकाळी तो माणूस शिडी खांद्यावर टाकून घरी जातो तेव्हा खिशात स्क्रू कमी आणि किस्से जास्त असतात.

तो माणूस मी. मूळचा कराडचा, वीस वर्षांपूर्वी म्हैसूरला आलो. जवळच्याच बेळगोळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आमचं खातं बंद झालं तेव्हा मी आणि आमचा फिटर मंजुनाथ, दोघांनी मिळून घराबाहेर कॅमेरे आणि त्यांच्यासोबतचे फ्लडलाइट बसवायचं काम सुरू केलं. माणूस टप्प्यात आला की लाइट भक्कन लागतो आणि कॅमेरा रेकॉर्डिंग करतो, एवढंच ते काम. शिडीवर मी चढतो, कारण मंजुनाथला उंचीची भीती आहे. तो खाली शिडी धरतो आणि सल्ले देतो.

म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या मराठी घरांत एकाकडून दुसऱ्याकडे असं आमचं नाव फिरलं. आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत आमच्या कॅमेऱ्यांनी एकही चोर पकडलेला नाही. बाकी सगळ्यांना पकडलंय!

*

केतकर पुण्याचे. इथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांचं एक तत्त्व आहे, “टेस्टिंग झाल्याशिवाय मी काही ॲक्सेप्ट करत नाही.”

मी म्हटलं, “हात हलवून बघा की.”

“हात चोर हलवतो का हो?”

संध्याकाळी सात वाजता, तोंडाला टॉवेल बांधून, केतकर स्वतः चोर झाले. वहिनी हॉलमध्ये मोबाइल घेऊन बसल्या. केतकरांनी मागच्या बाजूने जाऊन कंपाउंडची भिंत गाठली, तिसऱ्या उडीत वर चढले, आणि फटकन लाइट लागला. सायरन वाजला. गल्लीतले चार लोक धावत आले. केतकर भिंतीवर घोड्यावर बसल्यासारखे बसलेले, टॉवेल गळ्यात आलेला, पण चेहऱ्यावर समाधान.

वहिनी बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंच नाही. त्या भिंतीच्या पायथ्याशी बघत होत्या. तिथे केतकरांच्या चपला शेजारी शेजारी, व्यवस्थित जोडीने काढून ठेवलेल्या होत्या.

“अहो, चोर चपला काढून येतो का?”

केतकर भिंतीवरून म्हणाले, “तू आत्ताच फरशी पुसलीयेस ना!”

*

केतकरांच्या समोरचं घर वसंतरावांचं. आता त्यांच्याबद्दल नीट सांगतो, कारण या गल्लीतले निम्मे किस्से त्यांच्या अंगणात घडलेले आहेत.

वसंतरावांचं घराणं चार पिढ्यांपासून म्हैसुरात. देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. पन्नास वर्षं शर्ट शिवले, त्यावर विजयनगरात हे घर बांधलं. आता वय अठ्ठ्याहत्तर, बायको गेली, घरात एकटेच. एकुलता एक मुलगा प्रकाश हैदराबादला. गेल्या वर्षी वसंतराव घराच्या बाजूच्या नळापाशी पडले आणि मनगट मोडलं. दीड तास कुणाला कळलंच नाही. तेव्हा प्रकाशने निर्णय जाहीर केला. कॅमेरे लावायचे, आणि पुन्हा एकदा पडलात की घर भाड्याने देऊन थेट हैदराबाद. चर्चा नाही!

मला त्याने फोनवर बजावून सांगितलं, “जाधव सर, एक रिक्वेस्ट. बाबा तुम्हाला काही लपवायला सांगतील. प्लीज, डोन्ट.” मी शब्द दिला.

एक कॅमेरा गेटवर आणि एक बाजूला नळावर, असं काम होतं. मी नळावरचा कॅमेरा बसवत असताना वसंतराव खाली खुर्ची टाकून बसले होते. लुंगी आणि बनियन.

“जाधव, हे बघणार कुणाला हो? मला की कळ्ळाला?” कळ्ळ म्हणजे चोर. त्यांच्या मराठीत तीन शब्दांमागे एक कन्नड असतो.

“दोघांना.”

“मग त्या कळ्ळाला सांगून ठेवायला पाहिजे. मी नळावर असताना नको येऊस बाबा, माझा मुलगा बघायलाय!”

“हैदराबाद इतकं वाईट आहे का हो वसंतराव?”

“वाईट कशाला? चांगलंच आहे की. पाचवा मजला आहे, लिफ्ट आहे, सूनही चांगली आहे.” त्यांनी लुंगीची गाठ सारखी केली. “तिथे सकाळी उठून मी जायचं कुठे, तेवढं सांगा.”

मी दुसरा स्क्रू आवळत बसलो.

*

आठ दिवसांनी अँगल बघायला गेलो तर वसंतराव कडक इस्त्रीचा शर्ट, पँट आणि पट्टा लावून झाडांना पाणी घालत होते.

“कुठे लग्नाला निघालात?”

“नाही हो. सून बघते की!”

त्या दिवसापासून आजपर्यंत, मी त्यांना बनियनवर पाहिलेलं नाही. केतकर वहिनी म्हणतात, गल्लीतल्या बाकीच्या पुरुषांच्या घराबाहेरही कॅमेरे लावा.

*

पुढचा किस्सा गौडांचा. वसंतरावांच्या कंपाउंडला लागून गौडांचं कंपाउंड. कॅमेरा लावला की शेजारी भांडायला येतो हे आमच्या धंद्यात गृहीतच धरलेलं असतं. आमच्या घरात कशाला बघता, बायका-पोरं आहेत, वगैरे. त्यामुळे गौडा हाताची घडी घालून शिडीखाली उभे राहिले तेव्हा मी आधीच माफी मागायला सुरुवात केली. थोडा डावीकडे वळवतो, तुमचा भाग येणार नाही, काळजी करू नका.

गौडा म्हणाले, “डावीकडे कशाला? उजवीकडे वळवा! माझी तीन नारळाची झाडं आहेत, तुमच्या कॅमेऱ्यात दोनच येतायत!”

मंजुनाथ खालून म्हणाला, “सार, स्वल्प वळवा. शेजारधर्म आहे.”

थोडा वळवला. पंधरा दिवसांत गौडांची वसंतरावांकडे चौकशी सुरू. मंगळवारी तिसऱ्या झाडाखालचे दोन नारळ कुणी नेले? गौडांनीच वसंतरावांचा मोबाइल घेऊन शोधून काढलं. गौडांचे स्वतःचे मेहुणे!

गौडा तडक घरी गेले. मग मला फोन केला. “जाधव, तो कॅमेरा परत डावीकडे करा.”

*

या कॅमेऱ्यांना स्पीकर असतो. मोबाइलवरून बोललं की आवाज भिंतीवरून येतो. ही सोय प्रकाशला मी दाखवली, ही माझीच चूक.

पहिल्या आठवड्यात प्रकाशने बापाला भिंतीवरून चारदा सांगितलं, “बाबा, चप्पल घाला.” वसंतराव वर न बघता म्हणायचे, “घालतो रे.” इथवर ठीक होतं. पण रोज सकाळी गेटवर रत्नम्मा पालेभाज्यांची टोपली घेऊन येते. वसंतराव आणि रत्नम्मा यांची घासाघीस हा पंचवीस वर्षं चाललेला कार्यक्रम. त्यात मेथीची जुडी हातात घेऊन वसंतराव उलटसुलट करत असताना भिंत बोलली, “बाबा, ती मेथी पिवळी आहे.”

रत्नम्माने आधी वसंतरावांकडे बघितलं, मग भिंतीकडे.

“यारु अदु?” म्हणजे कोण तो?

“माझा मुलगा. हैदराबादहून.”

“हैदराबादला बसून माझी मेथी बघतो?” रत्नम्माने टोपली डोक्यावर घेतली. “त्याला म्हणावं, तिथली बघ!”

त्यानंतर ती त्या गेटवर थांबेना. दोन घरं पुढे, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर उभी राहून हाक मारायची, आणि वसंतराव इस्त्रीचा शर्ट घालून तिथवर चालत जायचे. प्रकाशला वाटायचं बाबा फिरायला जातात. तो खूश! वसंतरावही खूश. मेथी कशी होती ते मला माहीत नाही.

*

आता खंडेनवमीचा किस्सा. म्हैसुरात त्या दिवशी आयुधपूजा म्हणजे काय असतं ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. स्कूटर, मिक्सर, कॉम्प्युटर, कात्री, लिफ्ट, जे जे म्हणून चालतं त्या सगळ्याला गंध, कुंकू आणि झेंडूचं फूल!

सकाळी साडेदहाला केतकरांचा फोन. “जाधव, कॅमेऱ्यात सगळं केशरी दिसतंय.” मग आणखी दोघांचा. मग वसंतरावांचा, “जाधव, माझं गेट धुक्यात गेलं हो!” एकाच सकाळी चार घरांचे कॅमेरे आंधळे. मी घाबरलो. एकाच खोक्यातला माल होता, सगळा खराब निघाला की काय! सणाच्या दिवशी शिडी काढली आणि केतकरांकडे वर चढून बघितलं.

लेन्सवर, बरोब्बर मधोमध, चंदनाचा बोट-बोट जाड टिळा. त्यावर कुंकू.

मी केतकरांकडे बघितलं. केतकर म्हणाले, “आम्ही नाही हो! आम्ही फक्त गाडीची केली.” वहिनी नाही म्हणाल्या. सगळ्या घरांत तेच. मी मंजुनाथला फोन लावला. आज शिडी धरायला हा कुठे आहे?

मंजुनाथ पहाटे उठून, अंघोळ करून, लांब बांबूच्या टोकाला कापूस बांधून घरोघरी फिरला होता. शिडीवर न चढता काम कसं करावं याचा त्याने विचार केला होता. आपण लावलेली मशीनं, पूजा आपणच करायला नको का?

“अरे, पण लेन्सवर? बाजूला लावायचं ना!”

मंजुनाथला माझंच आश्चर्य वाटलं. “सार, कपाळ सोडून गालाला कुंकू लावतात का?”

*

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. सगळ्या लेन्स पुसून घरी आलो, होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, पानात पडली, पहिला घास तोंडात आणि प्रकाशचा फोन.

“जाधव सर, बाबा फोन पिकअप करत नाहीत. गेटसमोर... सर, गेटसमोर सगळं रेड आहे. त्यांची एक चप्पल पडलीय तिथे.”

मी ताटावरून उठलो आणि तसाच स्कूटरवर बसलो. त्याला फोन ठेवू दिला नाही, त्यानेही ठेवला नाही. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. एरवी मी या मुलाला मनात हसायचो. मेथी बघतो, चपला बघतो. त्या पाच मिनिटांत मला एकदाही हसू आलं नाही.

गेटसमोर पोचलो. रस्त्यावर फुटलेला कोहळा. आत कुंकू भरून, दृष्ट काढून गेटसमोर आपटलेला, लाल तुकडे चारी बाजूंना उडालेले. या शहरात त्या दिवशी प्रत्येक गेटसमोर हेच असतं. जोर लावून आपटताना वसंतरावांच्या पायातली एक चप्पल निसटली होती. ती तिथेच सोडून ते आत गेले, जेवले, आणि पंख्याखाली घोरत होते!

मी त्यांना उठवून फोन स्पीकरवर टाकून दिला.

“अय्यो, बूदगुंबळ आहे रे ते! कोहळा! हैदराबादला गेलास आणि आयुधपूजा पण विसरलास होय?”

मग प्रकाश म्हणाला, “बाबा, फोन खिशात ठेवत जा ना.” आवाज लहान मुलासारखा झाला होता. वसंतराव चिडायचे थांबले. “ठेवतो,” म्हणाले.

*

आता शेवटचा. हा मी फार लोकांना सांगत नाही.

संक्रांतीच्या आधीचे दिवस. सकाळी आठला वसंतरावांचा फोन. “जाधव, बाजूचा कॅमेरा स्वल्प ॲडजस्ट करायचाय. एकटेच या.”

गेलो. ते हॉलमध्ये बसले होते. शर्ट इस्त्रीचाच, पण डाव्या बाहीच्या आतून हळद दिसत होती.

“काल संध्याकाळी नळापाशी पडलो हो,” त्यांनी सांगून टाकलं. “शेवाळ होतं. लागलं नाही काही. भिंतीला धरायला गेलो, हात घसरला, बसलो. पाच मिनिटांत उठलो. पण तो लाइट लागला की हो! सगळं आलं असणार त्यात.”

मी त्यांची बाही वर करून बघितली.

“प्रकाशचा फोन नाही आला अजून. ऑफिसात काम असेल, बघितलं नसेल. तो बघायच्या आत तेवढं काढून टाका. एवढंच काम आहे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाधव, मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे. तो मला घेऊन जाईल हो.”

खरं सांगतो, मला त्या क्षणी हा धंदा नकोसा झाला. मुलाला शब्द दिलेला होता. आणि हा माणूस, ज्याने शर्ट शिवून शिवून ही चार भिंतींची जागा उभी केली, तो माझ्यासमोर हात जोडायचा बाकी होता. काढावं तर उद्या ते पुन्हा पडले तर? न काढावं तर ही खुर्ची, ही झाडं, ती रत्नम्मा, सगळं माझ्या एका नकारात जाणार!

“आधी डॉक्टर,” मी म्हटलं. “मग कॅमेरा.” रिक्षात घालून नेलं. मुका मार होता, हाड शाबूत. परत आलो तेव्हा अकरा वाजले होते. काय करायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. वसंतरावांचा मोबाइल घेतला आणि कालची संध्याकाळ उघडली.

सहा वाजून बारा मिनिटांनी वसंतराव बादली घेऊन नळाकडे जाताना. पुढची क्लिप सहा चाळीसची, त्यात गौडांची मांजर. मधे काहीच नाही.

मी पुन्हा बघितलं. कार्ड तपासलं, वायफाय तपासलं, शिडी लावून कॅमेराही तपासला. सगळं ठणठणीत. माणूस तिथे पडतो, उठतो, लाइट लागतो, आणि क्लिप होत नाही, असं होऊच शकत नाही. ती काढायची सोय दोनच फोनांवर आहे. एक माझ्या हातात होता, आणि त्याच्या मालकाला फोन उचलणं आणि गेट बघणं यापलीकडे त्यातलं काही येत नाही.

“दिसतंय का?” वसंतरावांनी विचारलं.

“नाही. काहीच नाही.”

“देवा नारायणा!” ते खुर्चीत मागे टेकले. “बघा, कॅमेरा पण म्हातारा झाला!”

दुपारी प्रकाशचा फोन आला. “जाधव सर, एक काम होतं. कॅमेऱ्याचं नाही. म्हणजे... त्या साइडच्या नळापाशी भिंतीला एक स्टीलचा रॉड बसवाल का? हॉस्पिटलमध्ये असतो ना, पकडायला, तसा. आणि खाली ग्रीन ग्रीन असतं ते काय, ते घासून घ्या.”

“शेवाळ.”

“हां, शेवाळ.”

“उंची किती ठेवू?”

“बत्तीस इंच.” लगेच आलं उत्तर, पाठ केल्यासारखं.

“हे तिथे बसून मोजलं कधी?”

“बसवा ना सर. आणि बाबांना सांगा, कॅमेऱ्याचाच पार्ट आहे.”

दुसऱ्या दिवशी मी आणि मंजुनाथने आधी फरशी ब्रशने घासून काढली. मग मंजुनाथने रॉड बसवला. जमिनीवर उभं राहून करायचं काम असल्यामुळे तो जोरात होता. वसंतराव येऊन उभे राहिले.

“हे काय नवीन?”

मंजुनाथ चेहरा न हलवता म्हणाला, “अर्थिंग, सार. कॅमेऱ्याचं.”

वसंतरावांनी बादली खाली ठेवली. रॉडला उजव्या हाताने धरलं, अर्धे खाली वाकले, उठले. पुन्हा वाकले, पुन्हा उठले. मग फरशीपासून रॉडपर्यंत भिंतीवर एकेक वीत टाकत वर आले. वरच्या टोकाला दोन बोटं राहिली, ती त्यांनी रॉडवर टेकवली आणि तशीच ठेवली. पन्नास वर्षं मोहल्ल्यातल्या लोकांची मापं घेतलेला हात होता तो.

मंजुनाथ माझ्याकडे बघायला लागला. मी ड्रिल पिशवीत भरायला लागलो.

वसंतरावांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. “माप बरोबर घेतलंस रे,” ते म्हणाले.

आमच्यापैकी कुणालाही ते अरे-तुरे करत नाहीत!